अंधारात हिरा निळा का पेटतो, आणि लॅबमधला का पेटत नाही?

आजचा विषय एका प्रश्नातून आला आहे. बडोद्याच्या एका ताईंनी लिहिलंय, "भाचीच्या संगीताला हॉलमध्ये ते जांभळे दिवे लावले होते. माझ्या हातात दोन अंगठ्या होत्या, एक आईची जुनी आणि एक यंदा घेतलेली लॅबग्रोनची. आईच्या अंगठीतला हिरा निळाशार पेटला. नवा मात्र काळाठिक्कर. मला फसवलं का?"

ताई, नाही फसवलं. तुम्हाला लॅबग्रोन म्हणून जो हिरा विकला, तो लॅबग्रोनसारखाच वागला. पण प्रश्न फार छान आहे, कारण त्या एका क्षणात तुमच्या हातावर दोन हिऱ्यांच्या जन्मकुंडल्या उघड्या पडल्या होत्या.

आधी हे पेटणं म्हणजे काय ते बघू. याला फ्लुरोसन्स म्हणतात. पाठ्यपुस्तकात प्रतिदीप्ती असा शब्द भेटेल, पण सराफाच्या पेढीवर कोणी प्रतिदीप्ती म्हणत नाही, म्हणून आपण फ्लुरोसन्सच म्हणू. डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण पदार्थावर पडतात, पदार्थ ती ऊर्जा घेतो आणि त्यातली थोडी स्वतःकडे ठेवून उरलेली डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाच्या रूपात परत करतो. बँकेत पाचशेची नोट युव्ही दिव्याखाली धरतात तेव्हा नोटेचे आकडे चमकतात, ते हेच. पांढऱ्या शर्टाचं संगीताच्या हॉलमध्ये जे भूत होतं तेही हेच, कारण कपडे धुण्याच्या पावडरीत निळा उजेड देणारं रसायन मिसळलेलं असतं.

आता हिरा म्हणजे शुद्ध कार्बन. अगदी शुद्ध हिरा साध्या युव्ही दिव्याखाली काहीच करत नाही. पेटतो तो हिऱ्यातला पाहुणा, आणि बहुतेक वेळा हा पाहुणा म्हणजे नायट्रोजन. निसर्गातल्या साधारण 98 टक्के हिऱ्यांमध्ये तो मोजता येण्याइतका असतो. नुसता असून मात्र भागत नाही, तो कसा बसला आहे त्यावर सगळं अवलंबून असतं. निळा उजेड देणारी जी बैठक आहे तिला एन-3 म्हणतात. मधे एका कार्बनची जागा रिकामी आणि त्या रिकाम्या जागेभोवती तीन नायट्रोजन. ही मंडळी 415 नॅनोमीटरच्या आसपास आपली खूण सोडतात, आणि युव्ही पडला की निळी पेटतात.

इथे खरी गंमत आहे. हिरा तयार होताना नायट्रोजनचे अणू आत शिरतात ते एकेकटे, विखुरलेले. गर्दीच्या लोकलमध्ये चढलेल्या माणसांसारखे, जिथे जागा मिळेल तिथे. मग जमिनीखाली दीडशे-दोनशे किलोमीटर खोल, हजार अंशांच्या वरच्या उष्णतेत, ते अतिशय हळू सरकतात. आधी दोघं दोघं जवळ येतात. नंतर चौघांचे गट होतात. आणि या सगळ्या हलवाहलवीत काही ठिकाणी तिघांची ती एन-3 बैठक जमते. याला किती वेळ लागतो? कोट्यवधी वर्षं, बऱ्याचदा शंभर कोटींच्या वर. निसर्गातल्या हिऱ्यांची वयं शंभर कोटी ते साडेतीनशे कोटी वर्षं अशी आहेत, त्यामुळे त्यांना घाई नव्हती.

लॅबमधल्या हिऱ्याला मिळतात काही आठवडे.

म्हणून एन-3 तिथे सहसा जमतच नाही. आईच्या अंगठीतला निळा उजेड हा प्रचंड काळाचा पुरावा होता, आणि नव्या अंगठीतला अंधार हा घाईचा. अपवाद सापडतात. लॅबच्या हिऱ्याला नंतर फार मोठ्या तापमानाला भाजलं तर नायट्रोजनची थोडी हलवाहलव जबरदस्तीने करता येते. पण बाजारातल्या बहुतांश रंगहीन लॅबग्रोन हिऱ्यांच्या प्रमाणपत्रावर फ्लुरोसन्सच्या ओळीत 'नन' लिहिलेलं दिसतं त्याचं मूळ कारण हे आहे.

आणि हा 'नन' शब्द विकायला वापरला जातो, तिथे मला जरा थांबायचं आहे. "बघा मॅडम, फ्लुरोसन्स नन! टॉप क्वालिटी!" असं काउंटरवर ऐकू येतं. अहो, या जातीत तो जवळपास सगळ्यांनाच नन असतो. म्हशीच्या दुधाचं कौतुक करताना 'यात उसाचा रस अजिबात नाही' म्हणावं तसलं हे आहे. खोटं नाही, पण त्याचे जादा पैसे द्यायचं कारण नाही.

पण मुळात नन म्हणजे चांगलं, ही समजूत आली कुठून? ती आली नैसर्गिक हिऱ्यांच्या बाजारातून. तिथे ढोबळमानाने दर चार हिऱ्यांमागे एक, फार तर तीनमागे एक, युव्हीखाली कमी-जास्त उजळतो, आणि उजळणाऱ्यांत बहुसंख्य निळे. प्रयोगशाळा त्याची पायरी लिहून देतात: नन, फेंट, मीडियम, स्ट्राँग, व्हेरी स्ट्राँग. आज अगदी पांढऱ्या, डी-ई-एफ रंगाच्या नैसर्गिक हिऱ्यात स्ट्राँग लिहिलेलं असलं की भाव उतरतो. कारण सांगतात की हिरा दुधाळ दिसतो.

एके काळी नेमकं उलट होतं. दक्षिण आफ्रिकेत यागर्सफॉन्टेन नावाची खाण होती. तिथल्या हिऱ्यांत उन्हात निळसर झाक दिसायची. त्या खाणीच्या नावावरून अशा हिऱ्यांना 'जेगर' म्हणायला लागले. चेन्नई-कोइंबतूरकडे आजही जुने लोक 'ब्लू जेगर'चं नाव आदराने घेतात. खाण 1971 मध्ये बंद पडली, नाव राहिलं. म्हणजे जो गुण एका पिढीने जादा पैसे मोजून घेतला, तोच पुढच्या पिढीने सूट मागून घेतला.

दिसण्यावर खरोखर काय परिणाम होतो? जुन्या घरांत पांढऱ्या धोतराला नीळ का द्यायचे? पिवळेपणावर निळा चढवला की डोळ्याला पांढरं दिसतं. हिऱ्यातला निळा उजेडही पिवळसर छटेवर तेच काम करतो. उन्हात अतिनील भरपूर, त्यामुळे आय-जे-के रंगाचा, म्हणजे किंचित पिवळसर हिरा उन्हात एखाददुसरी पायरी पांढरा वाटू शकतो. अमेरिकेतल्या जीआयए या संस्थेने 1997 मध्ये यावर एक अभ्यास छापला होता. निरनिराळ्या लोकांना, त्यात व्यापारीसुद्धा होते, फ्लुरोसन्स असलेले आणि नसलेले हिरे दाखवले. सर्वसामान्य बघणाऱ्यांना फरक सांगता आला नाही. ज्यांना काही जाणवलं, त्यांना निळा उजेड देणारे हिरे वरून बघताना उलट थोडे बरेच वाटले. खरोखर दुधाळ दिसणाऱ्या हिऱ्यांचं प्रमाण त्या संस्थेकडे येणाऱ्या मालात 0.2 टक्क्यांहूनही कमी आहे. बाजार मात्र या आकड्यांपेक्षा एकमेकांच्या तोंडाकडे बघून चालतो.

आता लॅबग्रोनकडे येऊ. नीळ नाही, म्हणजे नीळ देण्याचा फायदाही नाही. लॅबच्या हिऱ्यात किंचित पिवळी किंवा तपकिरी छटा असेल तर ती झाकायला आत कोणी बसलेलं नाही. जशी छटा दुकानातल्या एलईडीखाली, तशीच उन्हात. मला विचाराल तर हा एक प्रकारचा प्रामाणिकपणा आहे.

पण लॅबग्रोन म्हणजे एक प्रकार नव्हे. दोन रीती आहेत आणि दोघींची भुतं वेगळी.

पहिली एचपीएचटी, म्हणजे प्रचंड दाब आणि प्रचंड तापमान. साधारण पन्नास-साठ हजार वातावरणांचा दाब, 1300 ते 1600 अंश सेल्सिअस, आणि लोखंड, निकेल, कोबाल्ट अशा वितळलेल्या धातूत विरघळलेला कार्बन एका छोट्या बीजावर चढत जातो. यात नायट्रोजन शिरला तर हिरा पिवळा होतो, म्हणून रंगहीन हिरा हवा असेल तर नायट्रोजनला बाहेर ठेवायची तजवीज करतात. पण मग बोरॉनचा अंश आत राहतो. बोरॉनमुळे दोन गोष्टी होतात. एक, हिऱ्याला अगदी पुसट निळी झाक येऊ शकते. पांढऱ्या कागदावर सीव्हीडीच्या शेजारी ठेवला तर सरावलेल्या डोळ्याला ती कळते. आणि दोन, लघुलहरी युव्हीखाली धरून दिवा बंद केला तरी हिरा विझत नाही! काही सेकंद, कधी मिनिटभरही, निळसर-हिरवट उजेड देत राहतो. मुलांच्या खोलीत छताला चिकटवलेले तारे असतात ना, ज्यांना आपण सरसकट 'रेडियम'चे म्हणतो, तसं. याला फॉस्फोरेसन्स म्हणतात.

निसर्गातही बोरॉनवाले हिरे असतात, फार दुर्मीळ. त्यातला सगळ्यांत प्रसिद्ध आपल्याच मातीतला: गोवळकोंड्याच्या परिसरातून गेलेला, आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये असलेला होप हिरा. दिवसा निळा, पण लघुलहरी युव्हीचा दिवा बंद केल्यावर तो निखाऱ्यासारखा लाल दिसत राहतो.

दुसरी रीत सीव्हीडी. मिथेन आणि हायड्रोजन वायू एका बंद भांड्यात घ्यायचे, मायक्रोवेव्हने त्यांचा प्लाझ्मा करायचा, आणि खाली ठेवलेल्या हिऱ्याच्या पातळ चकत्यांवर कार्बनचा थर बसू द्यायचा. सुरतेत आज हे मोठ्या प्रमाणावर चालतं. 2023 मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीला दिलेला साडेसात कॅरेटचा हिरा लॅबग्रोनच होता, आणि त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पानंतर आयआयटी मद्रासला लॅबग्रोनच्या संशोधनासाठी पाच वर्षांकरता जवळपास 243 कोटी रुपये मंजूर झाले.

सीव्हीडीमध्ये वाढ लवकर व्हावी म्हणून कधी कधी नायट्रोजनची चिमूट टाकतात. त्याला गट करायला वेळ मिळत नाही, पण एकटा नायट्रोजन आणि शेजारी एक रिकामी जागा अशी जोडी जमते. ही एनव्ही जोडी नारिंगी-लाल उजेड देते. ताज्या, न भाजलेल्या सीव्हीडी हिऱ्यात म्हणून पुसट नारिंगी दिसू शकतो. तपकिरी छटा घालवायला तोच हिरा पुन्हा दाबाखाली भाजला, आणि बरेच भाजले जातात, की उजेड हिरवट होतो. घरी यातलं बहुतेक काही दिसणार नाही, कारण हे उजेड लघुलहरी युव्हीत किंवा त्याहून खोल किरणांत जास्त स्पष्ट होतात. नैसर्गिक हिऱ्याचं साधारणपणे उलटं: दीर्घलहरीत, म्हणजे संगीताच्या हॉलमधल्या दिव्यात जास्त आणि लघुलहरीत कमी.

फ्लुरोसन्समुळे दिसण्यात खरोखर फरक पडतो असा लॅबग्रोनचा एक प्रकार मात्र आहे: गुलाबी. गुलाबी लॅबग्रोन करताना हिऱ्यावर आधी किरणांचा मारा करतात आणि मग भाजतात, म्हणजे एनव्ही जोड्या मुद्दामच भरपूर तयार करतात. या जोड्या नुसत्या अतिनीलाने नाही, हिरव्या उजेडानेही चेतवल्या जातात, आणि हिरवा तर प्रत्येक पांढऱ्या दिव्यात असतो. त्यामुळे असा हिरा उन्हात जास्त तापलेला, नारिंगीकडे झुकलेला दिसू शकतो. गुलाबी लॅबग्रोन घेणार असाल तर दुकानाच्या दारात, उघड्या उजेडात नेऊन बघा. तिथे आवडला तरच घ्या. (जाता जाता: याच एनव्ही जोड्या अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्र मोजायलाही वापरतात. आयआयटी मुंबईत त्यावर काम चालतं. दागिन्यातला 'दोष' तिथे उपकरण होतो.)

आणि दुधाळपणाचं काय? लॅबग्रोन हिरा धुरकट दिसतोय, आणि विक्रेता म्हणतोय "थोडा फ्लुरोसन्स असेल". नाही. लॅबग्रोनमध्ये धुरकटपणा बहुधा वाढीतून येतो. सीव्हीडी घाईने वाढवला की थरांमध्ये ताण राहतो, बारीक रेघा राहतात, काळे कण राहतात, आणि हिऱ्याच्या आरपार बघताना काचेवर वाफ आल्यासारखं वाटतं. एचपीएचटीमध्ये धातूचे कण अडकतात, इतके की काही हिरे चुंबकाला ओढले जातात. प्रमाणपत्रावर क्लॅरिटी चांगली लिहूनही हा धुरकटपणा नजरेला येऊ शकतो. म्हणून लॅबग्रोन घेताना फ्लुरोसन्सच्या ओळीवर पाच मिनिटं घालवण्यापेक्षा दोन हिरे शेजारी ठेवून बघण्यात ती घालवा.

आता जरा मागे जाऊ या, कारण या सगळ्या ज्ञानाचा एक मोठा धागा बंगळूरला जातो आणि तिथून आपल्या पुण्याला येतो.

सर सी. व्ही. रामन यांना हिऱ्यांचं वेड होतं. 1940 च्या दशकात त्यांच्या बंगळूरच्या प्रयोगशाळेत एक प्रश्न धरून अनेक विद्यार्थी बसले होते: काही हिरे निळे उजळतात, काही पिवळे-हिरवे, काही उजळतच नाहीत, असं का? त्यात केरळच्या पीरमेडची एक मुलगी होती, अन्ना मणी. तिने तीसहून जास्त हिऱ्यांचे वर्णपट नोंदवले. हिऱ्याचा मंद उजेड फोटोच्या काचेवर उमटायला पंधरा-वीस तास लागायचे, म्हणून ती प्रयोगशाळेतच झोपायची. 1942 ते 1945 या काळात तिने स्वतःच्या नावावर पाच शोधनिबंध छापले, प्रबंध लिहून मद्रास विद्यापीठाला दिला. विद्यापीठ म्हणालं, तुमच्याकडे एमएस्सी नाही, पीएचडी देता येणार नाही. दिली नाहीच. पुढे त्या इंग्लंडला जाऊन हवामानाची उपकरणं शिकल्या आणि 1948 मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. आपण त्यांना ओळखतो त्या हवामानशास्त्रज्ञ म्हणून. हिऱ्यांवरचा तो प्रबंध रामन संस्थेच्या ग्रंथालयात आहे, पदवीशिवाय.

आज हिरे तपासणाऱ्या यंत्रांचं तत्त्व त्याच जातीचं आहे: हिऱ्यावर प्रकाश टाका आणि तो काय परत देतो ते वाचा. डी बिअर्सने 1990 च्या दशकात दोन यंत्रं आणली. एक 415 नॅनोमीटरची ती एन-3ची खूण शोधतं. खूण सापडली तर हिरा बहुधा नैसर्गिक, नाही सापडली तर पुढे पाठवा. दुसरं खोल अतिनील किरण टाकून पृष्ठभागावरच्या उजेडाचं चित्र दाखवतं. हे चित्र प्रत्यक्ष बघायला मिळालं तर सोडू नका. नैसर्गिक हिऱ्यात झाडाच्या खोडासारखी कडी दिसतात. एचपीएचटीत फुलीसारखी ठेवण. सीव्हीडीत चपातीच्या पदरांसारख्या समांतर रेघा. ज्याची जशी वाढ, तसं त्याचं चित्र.

हे सगळं लागतं कशाला? कारण फसवणूक मोठ्या हिऱ्यात कमी आणि बारीक हिऱ्यात जास्त होते. एक कॅरेटच्या हिऱ्याला प्रमाणपत्र असतं. पण मंगळसूत्राच्या वाटीभोवती, कुड्यांत, बांगडीत जे बारीक हिरे बसवतात, ते एकेकटे कोण तपासतं? नैसर्गिक म्हणून विकलेल्या पुडीत लॅबचे मिसळले तर डोळ्याने कळत नाही. सराफाकडचं ते टोचून बघायचं 'डायमंड टेस्टर' उष्णता वाहण्यावर चालतं, आणि लॅबचा हिराही हिराच असल्यामुळे तिथे तोही पास होतो.

इथे मात्र साध्या युव्ही टॉर्चचा थोडा उपयोग आहे. एका खड्यावर टॉर्च मारून काही सिद्ध होत नाही, कारण बहुसंख्य नैसर्गिक हिरेही काळेच राहतात. पण नैसर्गिक म्हणून विकलेल्या बांगडीत चाळीस-पन्नास खडे असतील तर त्यांनी वेगवेगळं वागायला हवं: काही निळे, काही पुसट, बरेचसे काळे. सगळेच्या सगळे एकसारखे काळे, किंवा सगळेच एका रंगात एकसारखे उजळले, तर शंका घ्या. शंका म्हणजे निकाल नव्हे. दागिना प्रयोगशाळेत न्या, आणि खरेदीच्या बिलावर 'नैसर्गिक' हा शब्द लिहिलेला आहे का ते आधी बघा. नुसतं 'डायमंड' लिहिलं असेल तर आजच जाऊन नीट लिहून घ्या.

शेवटी तुमचे दोन-तीन प्रश्न.

इंदूरहून विचारलंय, एचपीएचटीचा तो मागे राहणारा उजेड रात्री अंगठीत दिसेल का? साध्या खोलीत नाही. तो लघुलहरी किरणांनी येतो, आणि सूर्याचे तसले किरण वरच्या वातावरणातच अडतात. शिवाय किरणांचा मारा करून हा उजेड मुद्दाम दडपलेले बारीक हिरेही तपासणाऱ्यांच्या हाती लागले आहेत, त्यामुळे तो नसला म्हणून हिरा नैसर्गिक ठरत नाही.

बेळगावहून प्रश्न आहे, युव्हीने लॅबग्रोनचा रंग बिघडतो का? उन्हाने नाही. काही सीव्हीडी हिऱ्यांचा रंग खोल अतिनील किरणांत धरल्यावर तात्पुरता बदलतो, आणि गरम केल्यावर पूर्ववत होतो. घरात निर्जंतुक करायच्या युव्ही पेट्या असतात, त्यात अंगठी टाकायची गरज नाही. कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचा साबण आणि मऊ ब्रश पुरतो.

आणि हैदराबादच्या एका काकांनी विचारलंय, लेकीच्या लग्नात लॅबग्रोन द्यावा की नैसर्गिक? काका, परत विकायचा विचार मनात असेल तर लॅबग्रोन नको, त्याचे भाव गेल्या काही वर्षांत फार घसरले आहेत. घालून मिरवायचा असेल तर त्याच पैशांत मोठा हिरा येतो. लेकीलाच विचारा, आणि निवडताना तिला घेऊन दुकानाच्या दाराशी, उजेडात उभे राहा.